लक्षणे एक, उपचार उलट : पक्षाघाताच्या पहिल्या तासात इस्पितळात काय घडते?

सकाळचा चहा घेताना कप हातातून गळून पडतो, ओठांचा एक कोपरा खाली ओघळतो आणि बोललेले शब्द घरच्यांना कळेनासे होतात. घरात धावपळ उडते. कुणी रक्तदाबाची गोळी शोधतो, कुणी ॲस्पिरिनची, कुणी पाण्याचा पेला रुग्णाच्या तोंडाशी नेतो. हेतू चांगलाच असतो. परंतु यांतील प्रत्येक गोष्ट त्या घटकेला अपायकारक ठरू शकते. त्याचे कारण पक्षाघाताच्या स्वरूपातच दडलेले आहे.

पक्षाघात मुख्यतः दोन प्रकारे होतो. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकली, तर पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो. धमनी फुटली, तर रक्त मेंदूत साचून भोवतालच्या पेशींवर दाब येतो. पहिला प्रकार अधिक आढळतो. दुसरा तुलनेने कमी, पण अधिक प्राणघातक. तीव्र डोकेदुखी, उलटी, झपाट्याने हरपणारी शुद्ध या खुणा रक्तस्रावाकडे बोट दाखवतात खऱ्या. तरीही केवळ रुग्णाला तपासून अनुभवी डॉक्टरलाही खात्री देता येत नाही. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. एकात गुठळी विरघळवायची असते, तर दुसऱ्यात रक्त गोठून स्राव थांबावा यासाठी झटायचे असते.

निदानाआधी औषध नको

घाईने दिलेले औषध कसे दुधारी ठरते, हे चीनमधील एका अभ्यासाने दाखवून दिले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे २,४०० रुग्ण होते. त्यांपैकी एका गटाचा रक्तदाब रुग्णवाहिकेतच औषध देऊन उतरवण्यात आला. एकंदरीत पाहता लाभ दिसला नाही. पुढे स्कॅनवरून रुग्ण वेगळे केले, तेव्हा खरे चित्र उमटले. रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला होता आणि गुठळी अडकलेल्यांना तोटा. औषध तेच, परिणाम उलटा.

म्हणूनच इस्पितळाच्या कार्यपद्धतीत सीटी स्कॅनला पहिला मान आहे. १९७१ साली लंडनमधील एका इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूची अशी प्रतिमा घेतली गेली. ताजे रक्त या प्रतिमेत पांढरे दिसते. गुठळीमुळे झालेली हानी पहिल्या काही तासांत दिसेलच असे नाही. पण रक्तस्राव नाही, एवढे कळले तरी पुढची वाट मोकळी होते.

घड्याळाशी शर्यत

मोठी धमनी बंद झाल्यास उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा एक मान्यताप्राप्त अंदाज आहे. त्यामुळे रुग्ण दाराशी येताच अनेक कामे एकाच वेळी सुरू होतात. रक्तातील साखर लगेच तपासली जाते, कारण साखर फार उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. रक्तदाब मोजला जातो, शिरेत सलाईनची सुई बसते आणि साधारण २० ते २५ मिनिटांत स्कॅन व्हावे, असे उद्दिष्ट असते.

याच वेळी नातेवाइकांना एक प्रश्न विचारला जातो : रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला? लक्षणे कधी लक्षात आली, हा त्याचा अर्थ नव्हे. रात्री दहाला नीट बोलून झोपलेला माणूस पहाटे पाचला लुळा आढळला, तर वेळ दहापासून मोजली जाते. अशा रुग्णांपैकी काहींना विशेष स्कॅनच्या आधारे उपचार देता येतात. पण वाट अवघड होते.

गुठळी असल्यास ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. १९९५ च्या अमेरिकी अभ्यासाने ही मर्यादा तीन तासांची ठरवली होती. २००८ मध्ये युरोपातील अभ्यासाने ती वाढवली. औषधाला जोखीमही आहे. १९९५ च्या त्या अभ्यासात औषध मिळालेल्या सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. तरीही अपंगत्वाविना सावरणाऱ्यांचे प्रमाण औषध मिळालेल्यांतच अधिक होते. रक्तदाब १८५/११० च्या खाली असल्याशिवाय हे इंजेक्शन देत नाहीत आणि पुढचे २४ तास ॲस्पिरिनही सहसा टाळतात. मोठ्या धमनीतील गुठळी जांघेतून नळी सरकवून ओढून काढता येते. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत शक्य आहे, असे २०१८ मधील अभ्यासांनी दाखवले.

ज्यांना ही दोन्ही प्रकारची चिकित्सा देता येत नाही, त्यांचा वाढलेला रक्तदाब डॉक्टर बहुधा पहिला दिवस तसाच राहू देतात. २२०/१२० च्या वर गेला तरच हस्तक्षेप करतात. नातेवाइकांना हा हलगर्जीपणा वाटतो. वस्तुतः अर्धवट उपाशी पेशींपर्यंत रक्त पोहोचवण्यासाठी तो दाबच उपयोगी पडत असतो.

रक्तस्राव असल्यास नेमके उलट. वरचा रक्तदाब शक्य तितक्या लवकर, पण जपून १४० च्या आसपास आणला जातो. रुग्ण वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर त्यावर उतारा दिला जातो. साखर व ताप आटोक्यात ठेवतात. शस्त्रक्रिया सर्वांनाच लागत नाही; मात्र लहान मेंदूत रक्ताचा मोठा गोळा साचला, तर ती तातडीने करावी लागते. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणार्धात उसळली, तर धमनीवरचा फुगा फुटल्याची शंका घेतात.

घरच्यांच्या हाती काय?

काणकोण वा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीला पोहोचण्यातच बराच वेळ जातो. जवळच्या दवाखान्यात सहसा सीटी स्कॅन नसते. म्हणून तिथे थांबून ‘बरे वाटते का’ हे पाहण्यात गेलेला तास परत मिळत नाही. १०८ वर फोन करून पक्षाघाताचा संशय आणि रुग्ण शेवटचा बरा दिसल्याची वेळ स्पष्ट सांगावी. स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळातच नेण्याचा आग्रह धरावा.

रुग्णाला खायला-प्यायला काही देऊ नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास पाणी किंवा गोळी फुप्फुसात जाऊ शकते. नेहमीच्या औषधांची पिशवी सोबत घ्यावी. दहा मिनिटांत लक्षणे ओसरली, तरीही इस्पितळ गाठावेच. तो येऊ घातलेल्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

गोळी कोणती द्यायची, हे स्कॅन झाल्यावर डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी त्यांना द्यायची मोलाची गोष्ट एकच : अचूक वेळ. कप हातातून गळताच आधी घड्याळाकडे पाहावे.