ओटीपी आला का?

सकाळी 7:40
पाथर्डी तालुक्यातलं बाजाराचं गाव. ऑक्टोबर 2025. दिवाळी आठवड्यावर आलेली. सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई शटर वर ढकलतात, उंबऱ्याबाहेर पाणी मारतात. गाळा दहा बाय बाराचा, भाडं महिन्याला अडीच हजार. टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर, बोटाचं मशीन, लॅमिनेशनचं मशीन, पंच, स्टेपलर. खाली इन्व्हर्टर.

भिंतीवर आपले सरकार सेवा केंद्राचं दरपत्रक आहे. उत्पन्नाचा दाखला 69 रुपये. सरकारी योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर शेतकऱ्याचा अर्ज 23 रुपये 60 पैसे. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सरकारी फी 15 रुपये. पासवर्ड नव्यानं करून देण्याचा दर कुठेच लिहिलेला नाही. ताईंचा निम्मा दिवस मात्र त्यातच जातो.

सकाळी 8:10
पहिली बाई दारात उभीच आहे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची आहे. महिन्याचे दीड हजार थांबायला नकोत. तिचा आधार नंबर टाकला, तिच्या मोबाइलवर ओटीपी आला, काम झालं. पण पुढच्या पानावर नवऱ्याचा आधार नंबर लागतो आणि त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. नवरा ऊसतोड टोळीच्या कामानं मुकादमाबरोबर कराडकडे गेलाय.

फोन लागतो. पण ओटीपी सांगायला तो तयार नाही. बँकेनं, पोलिसांनी, टीव्हीनं बजावलंय, कुणालाही आकडे सांगू नका. ताई त्याला बोल लावत नाहीत. फोन बाईच्या हातात देतात. "मला नको, तुमच्या मालकिणीला सांगा दादा." तो बायकोला सहा आकडे सांगतो. बाई एकेक आकडा स्वतः दाबते. ओटीपी दहा मिनिटं चालतो. नऊ मिनिटं झालीत.

पडद्यावर हिरवी खूण येते. या कामाची पावती निघत नाही. बाई वीसची नोट टेबलावर ठेवते. ताई दहा परत देतात.

सकाळी 9:30
कॉलेजची दोन पोरं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय. एकाचं खातं गेल्या वर्षी दुसऱ्याच कुणी काढून दिलं होतं. युजरनेम माहीत नाही, पासवर्ड माहीत नाही. घरी तीनदा अंदाजानं टाकून बघितला. ताई म्हणतात, "अंदाज बंद कर. खातं लॉक झालं तर आजचा दिवस गेला."

नोंदवलेला नंबर थोरल्या भावाचा निघतो. भाऊ पुण्यात कंपनीत, पहिल्या पाळीला. मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. पाळी तीनला सुटते. पोरांना साडेतीनला बोलावलं.

सकाळी 10:45
सत्तरीच्या आसपासचे बाबा येतात. हातात प्लास्टिकची पिशवी. सोसायटीच्या कर्जासाठी तीन गटांचे सातबारे हवेत, म्हणजे 45 रुपये फी. जमिनीच्या नोंदींच्या महाभूमी पोर्टलवर त्यांचं स्वतःचं खातं आहे, त्यात पैसेही भरलेले आहेत. पासवर्ड आठवत नाही.

"पोरी, तुझ्याच वहीत असंल की."

वही आहे. दोनशे पानी, कडा मळलेली. पूर्वी ताई सगळ्यांचा पासवर्ड स्वतःच करायच्या. एकच साचा: नाव, ॲट द रेट, एक-दोन-तीन. वहीत उतरवून ठेवायच्या. सोपं होतं. पण साचा सगळ्या गावाला पाठ झाला. शेजाऱ्याचं खातं उघडायला शेजाऱ्याचं नाव पुरे. वही हरवली असती तर अख्खं गाव उघडं पडलं असतं. म्हणून त्यांनी पासवर्ड लिहून ठेवणं बंद केलं. आता वहीत फक्त एवढंच असतं: कुठलं खातं, युजरनेम काय आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो.

"बाबा, आता तुम्हीच ठरवायचा. मला सांगायचा नाही."

"सर्ज्या!" बाबा मोठ्यानं म्हणतात. बाकावरची चार माणसं ऐकतात.

"झालं. हा बाद. दुसरा."

अडचण पुढेच आहे. पासवर्डला एक मोठं इंग्रजी अक्षर लागतं, लहान अक्षर लागतं, आकडा लागतो, खूण लागते. बाबांना इंग्रजी येत नाही. ताई विचारतात, "ट्रॅक्टरच्या पाटीवर काय असतं?"

"एमएच सोळा."

"मग दोन अक्षरं येतात की तुम्हाला."

एम मोठा. शिफ्ट दाबून धरायची, मग एम. बाबांचं बोट शिफ्टवरून निसटतं. पुन्हा. मग लहान एच. मग खूण. मग आकडे. सोळा नको, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. गाडीचाही नको. दुसरं कुणाला माहीत नसलेलं एखादं साल घ्या. ताई खुर्ची भिंतीकडे फिरवतात. बाबा एका बोटानं टाइप करतात. तोच पासवर्ड खाली दुसऱ्यांदा टाकायचा असतो. जुळत नाही. पुन्हा सुरुवातीपासून. तिसऱ्या वेळी जुळतो.

मागे रांगेत कुरबुर आहे. ताईंनी स्वतः टाकला असता तर दोन मिनिटांचं काम. वीस मिनिटं गेली. तीन सातबारे प्रिंटरमधून निघतात. बाबा 45 रुपये काढायला लागतात. फी खात्यातून कापली गेली, असं ताई समजावतात आणि प्रिंटचे पंधरा रुपये घेतात. बाबा चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं पासवर्ड लिहितात, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात.

दुपारी 1:20
लाइट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर चालतात, प्रिंटर चालत नाही. ताई डबा उघडतात. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. एका हातानं जेवण, दुसऱ्या हातानं वहीत सकाळच्या नोंदी. मध्येच फोन येतो: "ताई, ओटीपी आलाय, सांगू का?" "कशाचा? मी आत्ता तुमचं काही उघडलेलं नाही. सांगू नका. कुणालाच सांगू नका." पलीकडचा माणूस गडबडतो. ताई त्याला 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहून घ्यायला लावतात.

दुपारी 2:40
लाइट आली. शेजारच्या वाडीवरची बाई येते. नवरा वारलेला, जमीन दीड एकर. पीएम किसानचे दोन हजार थांबलेत, ई-केवायसी राहिली आहे. ताई बोटाचं मशीन पुढे करतात. कापूस वेचून बोटांची टोकं सोललेली. अंगठा लागत नाही. तर्जनी लागत नाही. ताई ओला रुमाल देतात, बोट पुसून पुन्हा. लागत नाही.

मग ओटीपीचा रस्ता. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या मोबाइलचा. तो गेल्यावर सिम डब्यात पडून राहिलं, रिचार्ज कोण मारणार? नव्वद दिवस सिम वापरलं नाही की कंपनी नंबर बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्याच्या नावावर जातो. ताई तो नंबर लावतात. उचलणारा नाशिकचा निघतो.

आता आधी आधारला नवा नंबर जोडायचा. त्याची फी 75 रुपये. त्यासाठी पाथर्डीला आधार केंद्रावर जायचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण दिवस पूर्ण जातो. कापूस वेचायला किलोला दहा रुपये मिळतात. बाई मनातल्या मनात हिशोब करते. ताई कागदावर क्रम लिहून देतात: आधार कार्ड, 75 रुपये, नवा मोबाइल सोबत, पावती जपून ठेवायची, नंबर जोडला गेला की इकडे यायचं. "नंबर तुमच्याच मोबाइलचा द्या. पुतण्याचा नको." पैसे घेत नाहीत.

दुपारी 3:40
पोरं परत आली. भावाचा फोन लागला, ओटीपी आला, खातं उघडलं. पहिलं काम, नोंदवलेला मोबाइल बदलणं. अर्ज त्यानंतर.

संध्याकाळी 5:15
झेरॉक्सची गर्दी. बँक पासबुक, रेशन कार्ड, शाळेचा दाखला. पानाला दोन रुपये. या दोन-दोन रुपयांवर गाळ्याचं भाडं निघतं. टोनर भरायला साडेतीनशे लागतात, कागदाच्या रीमचे वेगळे.

संध्याकाळी 7:30
हिशोब. चार दाखले, दोन महाडीबीटी अर्ज, सातबारे, झेरॉक्स. सरकारचं सरकारला गेल्यावर ताईंच्या हातात सहाशेच्या आसपास उरतात. पासवर्ड आणि ई-केवायसीचे, लोकांनी आपणहून दिलेले, ऐंशी.

शटर लगेच ओढत नाहीत. वहीत ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचं वेगळं पान आहे. दिवाळी झाली की कोयता सातारा, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतो आणि उन्हाळ्यातच परततो. तिकडे फडात रिचार्ज राहून जातो. ताई एकेकाला फोन लावतात. सांगणं एकच: घरटी एक नंबर ठरवा, आधार, बँक, योजना सगळं त्याच नंबरवर जोडा आणि निघताना तोच मोबाइल सोबत घ्या. बाकीचे बंद पडले तरी चालतील, तो बंद पडू देऊ नका.

उद्या आठ वाजता एका टोळीतल्या नऊ बायका येणार आहेत. दोघींचे नवरे उचल घेऊन आधीच पुढे गेलेत. त्या दोघांना ताईंनी आत्ताच फोन करून सांगून ठेवलं: सकाळी आठ ते नऊ मोबाइल हातात ठेवा, बायकोचा फोन येईल, आकडे तिलाच सांगा.