पायथनची लिस्ट: कालची उधारी आज का बदलते?



लिस्टच्या व्हिडिओत आपण यादी बनवली, तिच्यात नोंद टाकली, काढली. एक मुद्दा मात्र मी मुद्दाम लेखासाठी ठेवला होता. तो ऐकून नाही, स्वतः टाइप करूनच डोक्यात बसतो. आणि तो पैशाशी संबंधित आहे, म्हणून जरा निवांत वाचा. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाताय आणि ओहोटीमुळे लाँच खोळंबलीये? मग तर वेळच वेळ आहे.

समजा, तुमचं मोरा बंदराजवळ किराणा दुकान आहे. बोटी समुद्रात जाताना रेशन उधारीवर नेतात, मासळी विकली की पैसे देतात. पाच बोटींची बाकी अशी लिहू:

उधारी = [4200, 0, 0, 1850, 950]

हो, नाव देवनागरीत चालतं. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून ही सोय आहे. कोडमधले आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाका, मराठी अंक टाकलात तर एरर येईल. आणि मोजणी शून्यापासून असते, म्हणजे पहिल्या बोटीची बाकी बघायला उधारी[0] लिहायचं. शेवटची हवी असेल तर उधारी[-1]. पाच बोटी असोत नाहीतर पन्नास, -1 म्हणजे शेवटचीच.

आता रोज सकाळी कालचे आकडे बाजूला ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी वसुली किती झाली ते कळेल. नवीन शिकणारे जवळजवळ सगळे असं लिहितात:

कालची = उधारी

दुपारी पहिल्या बोटीचा तांडेल १००० रुपये देऊन जातो. तुम्ही बाकी बदलता:

उधारी[0] = 3200

संध्याकाळी वसुली काढायला बसता:

कालची[0] - उधारी[0]

उत्तर १००० यायला हवं. येतं शून्य! कालची[0] बघा, तिथेही ३२०० झालेत. गल्ल्यात हजार रुपये आहेत, पण ते कोणी दिले याचा पत्ता नाही. उद्या तांडेल म्हणाला "मी दीड हजार दिले होते", तर तुम्ही काय दाखवणार?

झालं काय? बरोबरच्या चिन्हाने नवी वही तयार झालीच नाही. वही एकच, तिच्यावर लेबलं दोन चिकटवली. एका लेबलाने वही उघडून खाडाखोड केली, तर दुसऱ्या लेबलाने उघडल्यावर तीच खाडाखोड दिसणार. पायथनमध्ये लिस्टचं नाव म्हणजे हे लेबल. एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करायची सवय असलेल्यांचा इथेच घोळ होतो.

खरी दुसरी वही हवी असेल तर सकाळी असं लिहा:

कालची = उधारी[:]

चौकटी कंसातल्या विसर्गासारख्या दोन टिंबांचा अर्थ, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं उतरवून घे. आता परत सगळं करून बघा, वसुली बरोबर १००० येईल.

इथवर सोपं आहे. पुढची पायरी जास्त फसवी, कारण तिथे [:] वापरूनही आकडा हलतो. नुसत्या आकड्यांऐवजी नाव आणि बाकी एकत्र ठेवलीत तर यादीच्या आत यादी होते:

खाती = [["पहिली बोट", 4200], ["दुसरी बोट", 0]]
कालची_खाती = खाती[:]
खाती[0][1] = 3200

कालची_खाती[0][1] बघा. परत ३२००! [:] ने बाहेरची फाइल नवी केली, पण आतल्या चिठ्ठ्या त्याच जुन्या दोन्ही फाइलींत लावल्या. आतपर्यंत सगळं नवं हवं असेल तर पायथनसोबतच येणारं कॉपी नावाचं मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं डीपकॉपी वापरायचं. दुकानाच्या हिशोबात शक्यतो तेच वापरा असं माझं मत. वेळ थोडा जास्त लागतो, पण शेदोनशे खात्यांत तो जाणवतही नाही.

सॉर्टचं प्रकरणही याच जातीचं. उधारी.सॉर्ट() तीच वही जागेवर क्रमाने लावतं आणि उत्तर म्हणून काहीच परत देत नाही, पायथनच्या भाषेत नन. त्यामुळे "उधारी = उधारी.सॉर्ट()" असं लिहिलंत की उधारी हे लेबल नन वर चिकटतं आणि त्या नावाने यादी सापडत नाही. मूळ क्रम तसाच ठेवून वेगळी क्रमवार यादी हवी असेल तर सॉर्टेड वापरा. आपल्या उदाहरणात तर क्रम हाच बोटीचा नंबर आहे, तेव्हा सॉर्टच्या वाटेला जाऊच नका.

एक गृहपाठ देतो. फॉर लूप लावून उधारीतले शून्य एकेक करत रिमूव्हने काढा. दोन शून्यांपैकी एक शिल्लक राहील. पहिलं शून्य काढल्यावर मागचे आकडे एकेक घर पुढे सरकतात, लूप मात्र ठरल्याप्रमाणे पुढच्या घरात जातो, त्यामुळे दुसरं शून्य त्याच्या नजरेतून सुटतं. आता लूप उधारीवर न फिरवता उधारी[:] वर फिरवा, काढायचं मात्र उधारीतूनच. दोन्ही शून्यं जातात का बघा, आणि का जातात ते वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा.