नवे पिस्तूल उघडताना सुटणारे भाग

दिवाळीत टिकल्या फोडण्याचे पत्र्याचे पिस्तूल ज्याने एकदाही उघडून पाहिले नाही, असा मुलगा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत विरळाच सापडेल. एक स्क्रू काढताच दोन पत्रे अलग होतात, स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते, आणि पुढे ते खेळणे पूर्वीसारखे चालत नाही. खऱ्या पिस्तुलाच्या बाबतीत असाच प्रसंग कधी कधी वडील माणसांवर येतो. नुकतेच विकत घेतलेले, एकही गोळी न झाडलेले पिस्तूल कारखान्यातील वंगण पुसण्यासाठी उघडावे, तो एक तुकडा लोंबकळताना दिसतो, नळी बोटाने हलते, एखादी खीळ हातात येते. इतके पैसे देऊन घेतलेली वस्तू सदोष तर नाही ना, अशी शंका मनात उभी राहते. या शंकेचा उलगडा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने फार मनोरंजक आहे, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. पिस्तूल बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. मुंबई व उपनगरांत तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो, आणि ते उघडण्याचे काम परवानाधारकानेच करावयाचे असते. आमच्या विद्यार्थ्यांचा शस्त्राशी संबंध बहुधा राष्ट्रीय छात्रसेनेच्या पॉइंट बावीस रायफलीपुरताच येतो. परंतु जे तत्त्व येथे सांगावयाचे आहे, ते शिवणयंत्रापासून सायकलीपर्यंत सर्वत्र लागू पडते.

उघडण्यापूर्वी पिस्तूल रिकामे करणे हे पहिले काम होय, आणि त्यातील क्रम जीवनमरणाचा आहे. प्रथम मुठीतील मॅगझीन काढावे. नंतर वरचा सरकता भाग, ज्यास स्लाइड म्हणतात, तो मागे ओढून नळीच्या मागील कोठ्यात काडतूस उरले नाही, हे डोळ्यांनी पाहावे व बोटानेही चाचपावे. हा क्रम उलटला तर काय होते? स्लाइड ओढताच कोठ्यातील काडतूस बाहेर पडते खरे, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधील दुसरे काडतूस कोठ्यात ढकलते. मग मॅगझीन काढून घेऊन मनुष्य निर्धास्त होतो, आणि पिस्तूल मात्र भरलेलेच असते. 'रिकामे' समजलेल्या शस्त्राने झालेल्या अपघातांच्या मुळाशी पुष्कळदा हीच उलटापालट असते.

आता आतील रचना पाहू. उदाहरणादाखल जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन शोधकाचे पिस्तूल घेऊ. ते अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले, आणि पुढील अनेक पिस्तुलांचे ते मूळ ठरले. याच्या नळीच्या पाठीवर उंचवटे असतात व ते स्लाइडच्या आतील खाचांत बसतात. नळीच्या पोटाखाली पोलादाची एक लहानशी कडी असते, आणि बाजूने येणारी एक आडवी खीळ त्या कडीतून आरपार जाते. गोळी सुटताच नळी व स्लाइड एकमेकींत गुंतलेल्या स्थितीत किंचित मागे येतात. तोवर गोळी बाहेर पडलेली असते व आतील वायूचा दाब ओसरलेला असतो. मग ती कडी वळते, नळीचा मागचा भाग खाली ओढला जातो, उंचवटे खाचांतून सुटतात, आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते. पुढे मोठी स्प्रिंग तिला परत आणते व नळी पुनः वर उचलून जागी बसते.

ज्या कडीवर हे सर्व अवलंबून आहे ती कडी, आडवी खीळ काढताच, लोलकासारखी लोंबू लागते. नवख्यास ती निखळलेली वाटते. परंतु ती मोकळेपणाने वळली नाही, तर नळी खाली उतरणार नाही व पिस्तूल एका गोळीनंतर अडकून बसेल. ब्राउनिंग यांच्या मृत्यूनंतर (१९२६) बेल्जियमचे द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेल्या १९३५ च्या पिस्तुलात ही कडी नाही; तिच्या जागी नळीच्याच अंगाला तिरकी खाच आहे. आपल्या देशात इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल याच जातीचे. तेही उघडून स्लाइड उलटी धरली की नळी आपोआप हातात पडते.

आमच्या आज्यांच्या घरी जाते असे. त्याची वरची तळी खुंट्यावर सैल बसते, म्हणून तर ती फिरते. कोणी ती खुंट्यावर ठोकून घट्ट केली असती, तर दळण तेथेच संपले असते. कारागिराने दोन भागांमध्ये हेतुपूर्वक ठेविलेल्या अशा जागेस आपण मोकळीक म्हणू. ती किती असावी, याचा हिशेब विद्यार्थ्यांस करता येईल. एक मीटर लांबीची पोलादी सळई १०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. त्या मानाने १५ मिलिमीटर जाडीची नळी तितकीच तापल्यास तिची जाडी ०.०१८ मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे चतुर्थांशाने वाढेल. हा आकडा क्षुल्लक वाटतो; परंतु भाग अगदी तंतोतंत बसविले असतील, तर तेवढ्यानेही ते जखडू शकतात. यात दारूची काजळी, धूळ आणि घट्ट झालेले तेल यांची भर पडते. १९११ च्या मार्च महिन्यातील कसोटीत ब्राउनिंग यांच्या पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडण्यात आल्या व ते एकदाही अडले नाही. सैन्यातील पिस्तूल कानाशी हलविल्यास थोडे खडखडते, याबद्दल कोणी नाक मुरडू नये, असे आम्हांस वाटते.

उलट, नेमबाजीच्या स्पर्धेतील पिस्तूल पाहावे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. या प्रकारातील काडतूस ५.६ मिलिमीटरचे व सौम्य असते, त्यामुळे नळी हलविण्याची गरज नसते. ती बहुधा सांगाड्यास पक्की केलेली असते. तेथे नळी बोटाने हलली, तर मात्र तो दोषच होय. चापाचेही माप ठरलेले आहे: १००० ग्रॅमचे वजन त्याने न सुटता तोलून धरले पाहिजे. तेव्हा नळीचे हलणे एका पिस्तुलात गुण, तर दुसऱ्यात दोष. आणि कोणता भाग कोठे हलावा, हे कारखान्याच्या पुस्तिकेवाचून कळत नाही.

येथवर जे सांगितले ते सफाईपुरत्या उघडण्याविषयी. यात चारपाच मोठे भाग निघतात व तेथेच थांबावयाचे असते. खरा घोटाळा याच्या पुढच्या पायरीवर होतो. पिस्तुलातील कित्येक बारीक भागांना स्वतःचा स्क्रू नसतो; शेजाऱ्याने शेजाऱ्यास धरून ठेवावे, तसे ते एकमेकांस धरून असतात. काडतुसाच्या बुडावर आघात करणारी सळई, म्हणजे फायरिंग पिन, ब्राउनिंग यांच्या पिस्तुलात मागील एका लहान पट्टीने अडविलेली असते. ती पट्टी सरकविली की सळई स्प्रिंगच्या जोराने बाहेर झेपावते. कोल्ट कंपनीने १९८३ पासून या सळईच्या मार्गात आणखी एक लहानशी खुंटी बसविली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती सळईस पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे पिस्तूल जमिनीवर आपटले तरी गोळी सुटू नये, अशी योजना आहे. सळई व तिच्या शेजारचे भाग काढले की ही खुंटी व तिची स्प्रिंग खाली पडू शकतात. त्या हरवल्या आणि तशीच जोडणी केली, तरी पिस्तूल उडते; उणीव चालविणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ज्या दिवशी ते हातातून निसटेल त्या दिवशीसाठी केलेली तजवीज मात्र नाहीशी झालेली असते.

म्हणून शेजारचा भाग काढल्यावर जो सुटतो, त्याची चिंता करू नये; तो कोठून आला हे पाहून ठेवावे. काहीही न काढता जो सुटतो, त्याची चिंता अवश्य करावी. बंद पिस्तुलातून बाहेर डोकावणारी खीळ, डुगडुगणारी माशी, तुटलेली स्प्रिंग, तसेच रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड पूर्ण पुढे गेल्यावरही दाबताच खाली जाणारी नळी, ही लक्षणे दिसताच हातोडी न शोधता ते विक्रेत्याकडे किंवा जाणत्या कारागिराकडे न्यावे. पूर्वी हे काम शिकलगारांचे असे. आज ते आडनावातच अधिक आढळतात.

सफाईसाठी पांढरे फडके पसरावे व निघालेले भाग निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावे. जोडताना उजवीकडून आरंभ करावा. दाबलेली स्प्रिंग काढताना हात मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवावेत, म्हणजे ती उडाली तरी सापडते. नळी कोठ्याच्या बाजूने ब्रशाने घासून, चिंदी कोरडी निघेपर्यंत पुसावी. खाडीची खारट हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्या उपनगरांत पोलादास गंज लवकर चढतो; परंतु त्या भीतीने तेल ओतू नये. तेलाचा पातळ हात पुरतो. अधिक झालेले तेल धूळ धरते, आणि कारागिराने जपून ठेविलेली मोकळीक प्रथम तेथेच भरून जाते.