उत्तरेचा माल आणि मार्चचा पाऊस

मालेगाव-भिवंडीहून उत्तरेत कापड पाठविणाऱ्या व्यापारी बंधूंनी मार्चमध्ये पुढच्या आठवड्याचा हवामान अंदाज जरूर पाहावा. पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेशच्या मैदानात या दिवसांत पडणारा पाऊस मोसमी नसतो. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या 'पश्चिमी विक्षोभा'चा तो असतो. आधी ढग येऊन रात्री उबदार होतात, मग वादळ, पाऊस, कधी गारा. विक्षोभ सरकला की वायव्येचा गार, कोरडा वारा सुटतो.

हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. नारिंगी दिसताच ट्रक थांबवावा किंवा गाठींवर दुहेरी ताडपत्री बांधावी. तिथल्या रंगारी कारागिरांनीही माल उघड्यावर वाळत घालू नये. गाठ आत भिजली की बुरशी धरते. दोन दिवसांचा उशीर परवडतो, डागी माल परवडत नाही.