टोक नाकारणारा पापुद्रा

संपादकांनी सांगितलं होतं, म्युनिकच्या ऑलिम्पिक छपरावर लिहा. १९७२च्या खेळांसाठी उभारलेलं, जवळपास पंचाहत्तर हजार चौरस मीटरचं ते पारदर्शक छप्पर बहुतेकांनी निदान फोटोत तरी पाहिलेलं असतं. त्याच्याविषयी वाचायला बसले आणि थोड्याच वेळात माझं लक्ष छपरावरून निघून त्याच्या पूर्वजाकडे गेलं. हा पूर्वज म्हणजे स्टुटगार्टमधलं एक यंत्र. साबणाचं पाणी, तारेच्या चौकटी आणि प्रकाश एवढ्यावर ते चालायचं. पोलादाचे दोर कसे ताणायचे हे ठरवण्यासाठी मोठमोठे अभियंते एका पापुद्र्यासमोर बसून राहायचे, हे कळल्यावर मला दुसरं काही लिहावंसंच वाटेना.

हे यंत्र ज्या संस्थेतलं, तिचा कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगते. ती उभी करणारे वास्तुविशारद फ्राय ओटो यांचा जन्म १९२५चा. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते, मग फ्रान्समध्ये शार्त्रजवळच्या छावणीत युद्धकैदी झाले. छावणीतल्या बांधकामाचं काम त्यांच्याकडे आलं, आणि तिथे सामान जवळजवळ नव्हतंच. कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त जागा कशी झाकायची, हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही. १९५४ साली टांगलेल्या छपरांवर त्यांचा प्रबंध झाला. १९६४ साली फ्रिट्झ लिओनहार्ट या पूल बांधणाऱ्या अभियंत्याच्या निमंत्रणावरून ते स्टुटगार्टला आले आणि तिथल्या तंत्रविद्यापीठात हलक्या बांधकामांची संस्था सुरू झाली. संस्थेच्या प्रकाशनमालेचा पहिला अंक १९६९चा, आणि त्याचा विषय होता किमान जाळी. म्हणजे पहिल्या पावलापासून यांच्या मनात साबणच होता.

साबणाचा पापुद्रा काय करतो ते आधी समजून घ्यायला हवं. तारेची कुठलीही बंद चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढली की तिच्यावर एक पडदा धरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, त्यामुळे वजन नगण्य. त्याच्यावर काम करतो तो फक्त पृष्ठताण, आणि तो प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिशेला सारखाच असतो. पापुद्रा आक्रसत जातो. इकडेतिकडे जरासं हलवल्याने क्षेत्रफळ आणखी कमी होणार नाही, अशा आकारात तो थांबतो. या आकाराचा प्रत्येक बिंदू खोगिरासारखा असतो. एका दिशेला जेवढा वर वळतो, तेवढाच आडव्या दिशेला खाली वळतो, आणि दोन्हींची बेरीज शून्य होते. सरासरी वक्रता शून्य असलेल्या अशा पृष्ठांना गणितात किमान पृष्ठं म्हणतात. अठराव्या शतकात लाग्रांजने त्यांचं समीकरण मांडलं, पण समीकरण मांडणं सोपं आणि सोडवणं महाकठीण. पापुद्रा मात्र ते क्षणात सोडवतो.

हे घरी करून पाहता येतं आणि जरूर पाहावं. सारख्या मापाच्या दोन बांगड्या घ्या. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये थोडं ग्लिसरीन आणि पाणी मिसळा. बांगड्या एकमेकींवर ठेवून बुडवा, बाहेर काढा आणि सावकाश दूर न्या. मधे आडवा पडदा धरला असेल तर बोट लावून फोडून टाका. उरतो तो कंबर बारीक असलेला एक नळा, त्याला कॅटेनॉइड म्हणतात. ऑयलरने १७४४ साली तो शोधला होता. बांगड्यांचा व्यास सहा सेंटिमीटर असेल, तर अंतर सुमारे चार सेंटिमीटर होईपर्यंत नळा टिकतो. त्यापलीकडे तो अचानक कोसळतो आणि प्रत्येक बांगडीत एकेक सपाट पडदा उरतो. खरी गंमत त्याआधी आहे. अंतर सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास गेलं की त्या दोन सपाट पडद्यांचं एकत्रित क्षेत्रफळ नळ्यापेक्षा कमी भरू लागतं. तरीही पापुद्रा नळाच राहतो, कारण तिकडे जायला त्याला आधी वाढावं लागेल, आणि वाढणं त्याला जमत नाही. म्हणजे किमान पृष्ठ हे दरवेळी सर्वांत लहान असतंच असं नाही. त्याच्या आसपासच्या आकारांत ते लहान असतं, इतकंच.

या पापुद्र्यांचा पहिला मोठा अभ्यासक बेल्जियममधल्या गेंट शहरात होता. जोझेफ प्लातो. फिरत्या तबकडीवर चित्रं हलती दाखवणारं खेळणं १८३२ साली बनवणारा हा माणूस चाळिशीच्या सुमारास पूर्ण आंधळा झाला. पुढची चाळीस वर्षं त्याने पापुद्र्यांवर संशोधन केलं. चौकटी बुडवायचं काम घरातली माणसं आणि सहकारी करायचे, काय दिसतं ते सांगायचे, आणि तो पुढचा प्रयोग ठरवायचा. तीन पापुद्रे एका कडेवर मिळतात तेव्हा त्यांच्यात १२० अंशांचे कोन असतात, हा नियम त्याने स्वतः एकदाही न पाहता मांडला. १८७३ साली त्याचा ग्रंथ दोन खंडांत आला. कुठल्याही बंद कडेवर असं पृष्ठ असतंच, हे सिद्ध करायला गणितज्ञांना १९३०च्या आसपासपर्यंत वेळ लागला. जेसी डग्लस आणि टिबोर राडो यांनी ते वेगवेगळं सिद्ध केलं. १९३६ साली पहिल्यांदाच दिलेल्या दोन फील्ड्स पदकांपैकी एक डग्लस यांना मिळालं. कोनांच्या नियमाची पूर्ण सिद्धता तर जीन टेलर यांनी १९७६ साली दिली. आंधळ्या माणसाने सांगितलेलं गणिताला पटायला शंभर वर्षं लागली, या हिशेबापुढे मी नेहमी नतमस्तक होते.

आता स्टुटगार्टचं यंत्र. पापुद्र्याचा शत्रू म्हणजे कोरडी हवा. पाणी उडतं, वरचा भाग पातळ होत जातो, रंगांचे पट्टे सरकत खाली येतात, आणि काळपट झालेला पापुद्रा फुटतो. तेवढ्या वेळात मोजमाप घेणं अशक्य. म्हणून ओटोंच्या गटाने दमट हवेची, तापमान आवरलेली एक बंदिस्त पेटी केली. आत साबणाच्या पाण्याचं भांडं आणि चौकट. एका बाजूने समांतर किरणांचा प्रकाश, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. किरण समांतर असल्यामुळे पापुद्र्याची बाह्यरेषा मोठीलहान न होता जशीच्या तशी उमटते. त्या छायाचित्रावर पट्टी ठेवून वक्रता मोजता येते. असल्या छायाचित्रांचा ढीग साचत गेला आणि त्यातून तंबूंची एक नवी भाषा तयार झाली.

या भाषेतला मला सर्वांत आवडलेला नियम हा की पापुद्रा टोक मानत नाही. खालून काडी लावून त्याला तंबूसारखं वर उचलायला जा, काडी आरपार जाते किंवा पापुद्रा फुटतो. याचं कारण सुरेख आहे. पृष्ठताण दर सेंटिमीटरला ठरलेला. आधार जितका लहान, तितका त्याचा परिघ लहान, आणि तितकीच त्याच्यावर येणारी एकूण ओढ कमी. टोकाशी परिघ शून्य, म्हणून ओढही शून्य. टोकाला धरायला पापुद्र्याकडे काही उरतच नाही. कापडाचं उलटं होतं. खांबाचं बळ ठरलेलं असतं, ते शून्याकडे जाणाऱ्या परिघात मावायला पाहतं, ताण बेसुमार वाढतो आणि कापड तिथेच फाटतं. कित्येक तंबू नेमके शेंड्याला का फाटतात, याचं उत्तर पापुद्रा फुकट देतो.

मग उंच जायचं कसं? त्याचाही तोडगा पापुद्र्यानेच दिला. पापुद्र्यावर दोऱ्याचा एक सैल फास ठेवा आणि फासाच्या आतला भाग फोडा. बाहेरची ओढ सगळीकडे सारखी असल्यामुळे फास क्षणात गोल होतो. हा फास एका ठिकाणी धरून वर उचला. गोल लांबट होतो, डोळ्यासारखा, आणि पापुद्रा न फाटता उंच चढतो. खांबाचा भार एका बिंदूवर न पडता फासाच्या सगळ्या लांबीवर वाटला जातो. ओटोंनी हा डोळा पोलादाच्या दोरात आणला. १९६७च्या मॉन्ट्रियल प्रदर्शनात रोल्फ गुटब्रोड यांच्यासह त्यांनी जर्मनीचं दालन केलं, सुमारे आठ हजार चौरस मीटरचं, वेगवेगळ्या उंचीच्या आठ खांबांवर टांगलेलं. तिथे खांबांच्या शेंड्याशी हेच डोळे होते.

त्या दालनाची रंगीत तालीम म्हणून स्टुटगार्टच्या फायहिंगेन भागातल्या विद्यापीठ परिसरात एका खांबाचा तुकडा उभारून पाहिला होता. तालीम झाल्यावर तो मोडीत न काढता जरा हलवून, झाकून, त्यातच संस्था थाटली. मॉन्ट्रियलचं दालन १९७०च्या दशकातच उतरवलं गेलं, तालमीतला तुकडा अजून उभा आहे. आत शिरलं की लाकडी छत मोठ्या उतारांनी वर चढत जातं, आणि शेंड्याजवळच्या डोळ्यात काच बसवलेली आहे. दिवसाचा उजेड त्या काचेतून खाली येतो. दोऱ्याच्या फासाचा प्रयोग माहीत असेल तर त्या उजेडात उभं राहताना माणूस हरखून जातो. मी तरी गेले.

कलेचा रस्ता जवळूनच जातो. १९८२ साली सेल्सो कोस्टा या ब्राझिलियन गणितज्ञाने एका नव्या किमान पृष्ठाची सूत्रं लिहिली. ते स्वतःलाच छेदतं की नाही, हे सूत्रांवरून कळेना. अमेरिकेत डेव्हिड हॉफमन, विल्यम मीक्स आणि जेम्स हॉफमन यांनी संगणकावर त्याचं चित्र काढलं, चित्रातली सममिती त्यांच्या डोळ्यांत भरली, आणि तिच्या आधारे ते स्वतःला छेदत नाही हे सिद्ध झालं. पुढे हेलामन फर्ग्युसन या गणितज्ञ शिल्पकाराने ते शिल्पात कोरलं. पाहणं हे इथेही सिद्धतेच्या आधी आलं.

इथवर सगळं मोहक आहे. अडचणी म्युनिकला सुरू झाल्या.

म्युनिकच्या ऑलिम्पिक संकुलाच्या आराखड्यासाठीची १९६७ची स्पर्धा ग्युंटर बेनिश यांच्या कार्यालयाने जिंकली. त्यांच्या नमुन्यात छप्पर म्हणून बायकांच्या पायमोज्यांचं कापड काड्यांवर ताणलेलं होतं. ते बांधायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ओटोंना सल्लागार म्हणून बोलावलं. लिओनहार्टांच्या कार्यालयातून यर्ग श्लाइख आले. आणि लगेच दिसलं की पापुद्र्याला हिमवर्षाव माहीत नाही. त्याच्यावर कधी बर्फ साचत नाही, वारा त्याला उचलत नाही. मोठ्या चौकटीवर धरलेलं किमान पृष्ठ मधल्या भागात फार सपाट होऊ शकतं, आणि पोलादी दोरांचं सपाट जाळं भाराखाली खचतं, वाऱ्यात फडफडतं. भार पेलायचा तर वक्रता वाढवावी लागते, म्हणजे पापुद्र्याने सांगितलेल्या आकारापासून दूर जावं लागतं. म्युनिकचं छप्पर साबणाच्या पापुद्र्याचा आकार आहे असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते तितकंसं खरं नाही. ते त्याचं शिकलेलं, तडजोड केलेलं मूल आहे.

दुसरी अडचण लांबीची. पापुद्र्यातलं पाणी वाहतं, हवं तिथे सरकतं. पोलादी दोर सरकत नाही, आणि ताणला तरी फारच थोडा वाढतो. म्युनिकच्या जाळ्यातले दोर पंचाहत्तर सेंटिमीटरवर एकमेकांना छेदतात. जमिनीवर चौकोन असलेलं जाळं वर चढताना जोडांशी फिरतं, चौकोन तिरके होतात, तेव्हा त्याला दुहेरी वक्रता येते. प्रत्येक दोर आधीच नेमक्या मापाचा कापायला हवा. थोडा आखूड पडला की बेफाम ताण, थोडा लांब झाला की लोंबकळ. मापं घ्यायची होती १:१२५ प्रमाणाच्या तारेच्या नमुन्यांवरून. नमुन्यात एक मिलिमीटर चुकलं की प्रत्यक्षात साडेबारा सेंटिमीटर. छायाचित्रांवरून कितीही काटेकोर मोजलं तरी नमुना त्या कामाला अपुरा होता.

इथे क्लाउस लिंकविट्झ पुढे आले. ते भूमापनाचे प्राध्यापक होते. मोजणीतल्या चुका वाटून घेऊन मापं जुळवण्याची भूमापकांची जुनी रीत त्यांनी जाळ्याला लावली. १९७१ साली त्यांनी आणि हान्स-यर्ग शेक यांनी एक युक्ती मांडली: प्रत्येक दोरातला ताण आणि त्याची लांबी यांचं गुणोत्तर आधी ठरवून टाकायचं. तसं केलं की गुंतागुंतीची समीकरणं एकदम साधी, सरळ रेषेतली होतात आणि संगणक ती झटकन सोडवतो. जॉन आर्गिरिस यांचा गट त्याच वेळी स्टुटगार्टमध्ये दुसऱ्या वाटेने संगणकावर छप्पर मोजत होता. मॉन्ट्रियलचं दालन नमुन्यांवर उभं राहिलं, म्युनिकचं छप्पर अखेरीस आकड्यांवर.

वर काय घालायचं हाही प्रश्न होताच. रंगीत टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी मैदानावर गडद सावली नको होती, म्हणून सुमारे तीन मीटर बाजूचे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे तक्ते आले. जाळं हलतं, तक्ते ताठ. मधे रबरी सांधे भरावे लागले. फोटोत दिसणाऱ्या त्या काळ्या रेघा याच. अंदाजपत्रक तर कधीच कोलमडलं होतं.

मला काळजी वाटते ती त्यानंतरची. ज्या अडचणींमुळे संगणक आला, त्याच अडचणींनी पापुद्र्याची पेटी निवृत्त केली. आज कुठल्याही वास्तुविशारदाच्या कार्यालयात ताणलेल्या छपराचा आकार काही मिनिटांत पडद्यावर निघतो. ही प्रगतीच आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पडद्यावर खांबाचं टोक सुखाने टेकतं. ताण बेसुमार झाला तर एखादा आकडा लाल होतो, आणि लाल आकड्यांकडे दुर्लक्ष करता येतं. पापुद्रा असा मान ठेवत नाही. ओटो या विषयातली सगळ्यांत मोठी गोष्ट त्याच्याकडून शिकले, कारण तो त्यांच्यासमोर पुनःपुन्हा फुटला. ९ मार्च २०१५ रोजी ओटो गेले. वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार आपल्याला मिळाल्याचं त्यांना आधीच कळलं होतं, जाहीर तो दुसऱ्या दिवशी झाला. त्यांचे नमुने आणि कागद कार्ल्सरूहच्या संग्रहात आहेत, आणि २०१६-१७ साली तिथे त्यांच्या नमुन्यांचं मोठं प्रदर्शनही झालं. संग्रहातला नमुना पाहता येतो, बुडवता येत नाही.

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी शहरं आहेत. या नात्यातून एक मागणं करावंसं वाटतं. दमट हवेची ती पेटी, समांतर प्रकाश आणि साध्या चौकटी यांची एक चालती प्रत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभी राहावी, मुलांच्या हाताला येईल अशी. आणि आपल्या वास्तुकला व स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाला संगणक उघडण्याआधी एक तास बांगड्या, दोरा आणि साबणाचं पाणी यांना द्यावा. खर्च शंभर रुपयांच्या आत येतो.