घोडेस्वारीच्या बुटांचा तळ झिजतो कुठे?

हौसेनं चामडी तळाचे लांब बूट घेतलेत आणि एका हिवाळ्यातच चवड्याखालचा तळ पातळ झाला, तर घोड्याला दोष देऊ नका. रिकिबीत टेकवलेला पाय फारसा घासला जात नाही. तळ झिजतो तो पार्किंगपासून तबेल्यापर्यंतच्या चालण्यात. मला हे कळेपर्यंत एक जोडी कामातून गेली होती.

चामडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. कच्चं कातडं कुजतं, म्हणून ते कमवावं लागतं आणि तळाच्या जाड चामड्यासाठी त्यात बहुधा झाडांच्या सालीतलं टॅनिन वापरतात. चहा जास्त उकळला की जीभ तुरट पडते ना? चहातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तसं होतं. कातड्यातही तेच रसायन चालतं: टॅनिनचे रेणू तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी बांधून टाकतात. इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या कॉलिटन गावी हे काम अजूनही ओकच्या सालीनं चालतं आणि तळाचं चामडं तयार व्हायला वर्षाहून जास्त वेळ लागतो. आपल्या कोल्हापुरी चपलांसाठी पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापुरी पावसात घालू नये हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंच असेल. बुटांच्या तळालाही तोच नियम लागू आहे.

कारण पाणी तंतूंमध्ये शिरलं की ते फुगतात, जाळं सैल पडतं आणि कोरड्यात टणक असलेला तळ मऊ होतो. त्यात वाळूचे कण रुततात. वाळूतला क्वार्ट्झ साध्या लोखंडापेक्षाही कठीण, तिथे ओल्या चामड्याचा काय पाड लागणार? काँक्रीटवर प्रत्येक पावलागणिक थोडे थोडे तंतू सुटत जातात.

तबेल्यात आणखी एक शत्रू असतो. घोड्याच्या लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. अमोनिया अल्कधर्मी, तर सालीनं कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी. अल्कानं टॅनिनची पकड ढिली होते आणि चामडं हळूहळू ठिसूळ बनतं. म्हणून शेण-लीद काढायची असेल तर सरळ रबरी बूट घाला. स्वारीचे बूट घालून अंगणात फिरावंच लागलं, तर त्यावर रबरी ओव्हरशू चढवा आणि घोड्यावर बसण्याआधी आठवणीनं काढा. दिसायला गबाळं दिसतं खरं, पण माझ्या मते यापेक्षा चांगला उपाय नाही.

बूट भिजलेच तर चिखल लगेच ओल्या फडक्यानं पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तळाला हवा लागेल असे आडवे ठेवा. थंडीत रेडिएटरचा मोह फार होतो, तो टाळा. ओलं असताना असं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला कायमचं आकसतं. त्याआधीही घाईनं वाळवलेला तळ कडक होऊन तडकतो. तेलही जपून. वरच्या चामड्याला ते चालतं, पण तळ तेलात मुरवला तर तो मऊ पडतो आणि पुढे त्यावर काही चिकटवायचं झालं तर डिंक धरत नाही.

बूट दुरुस्त करणारे चवड्याखाली पातळ रबरी पट्टी चिकटवून देतात. झीज थांबते, पण थोडा विचार करा. स्वार पडतो तेव्हा पाय रिकिबीतून चटकन निसटला पाहिजे, नाहीतर घोडा त्याला फरफटत नेतो. गुळगुळीत चामडी तळाचा आणि टाचेचा हाच तर उपयोग: तळ सरकतो आणि टाच पाय आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे पट्टी घ्यायचीच असेल तर पातळ, खोल नक्षी नसलेली आणि कडेला बाहेर न डोकावणारी घ्या. मग बूट रिकिबीत ठेवून बघा, दोन्ही बाजूंना मिळून साधारण इंचभर जागा उरायला हवी. टोकाला लोखंडी पत्री ठोकली तर झीज वाचते, पण ओल्या काँक्रीटवर ती घसरते.

महिन्यातून एकदा बूट उलटा धरून चवड्याच्या मध्यभागी अंगठ्यानं दाबा. तिथे तळ दबला, तर तो बदलायला टाका. शिवण धरून ठेवणाऱ्या कडेच्या पट्टीपर्यंत झीज पोचली की दुरुस्तीचा खर्च बराच वाढतो.