जुन्या बोटीचा आउटड्राइव्ह: तासांचा आकडा आणि रबराचं वय

जुनी बोट विकायला काढणारा मालक सर्वांत आधी तासांचा आकडा सांगतो: पंधरा वर्षांत इंजिन जेमतेम २०० तास चाललंय. घेणाऱ्यालाही हायसं वाटतं, कारण मोटार घेताना आपण किलोमीटरच पाहतो. अमेरिकेतल्या तळ्यांवर किंवा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ज्या अठरा-वीस फुटी जुन्या बोटी विकायला असतात, त्यांतल्या पुष्कळ बोटींना आउटड्राइव्ह असतो, आणि आउटड्राइव्हला हा हिशेब लागू पडत नाही. इंजिन बोटीच्या आत आणि गिअर व पंखा मागच्या भिंतीबाहेर, अशी ही रचना. व्होल्वो पेंटाने १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने ती बाजारात आणली आणि १९६१ मध्ये मर्क्रूझर आला. बाहेरचा भाग डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो. त्यामुळे इंजिनाकडून येणारा दांडा भिंतीतल्या ज्या भोकातून बाहेर पडतो, ते भोक घट्ट बुजवता येत नाही. दांड्याभोवती पेटीच्या भात्यासारख्या घड्यांची एक रबरी नळी चढवलेली असते, तिला बेलोज म्हणतात. बाहेरचं पाणी आत येत नाही ते या रबरामुळे. पण रबर चालण्यानेच झिजतं असं नाही. उन्हाने आणि वयाने ते कडक होतं, एकाच घडीत वर्षानुवर्षं पडून राहिलं की घडीच्या खोबणीत चिरतं. म्हणून २०० तास चाललेली पंधरा वर्षांची बोट ही आधी पंधरा वर्षांची बोट आहे.

यावर हमखास उत्तर येतं की पाण्यात चालवून पाहिली, आवाज नाही, वेग चांगला, मग अडचण कुठे? चालवून पाहणं आवश्यकच आहे. वळण घेताना मागून घरघर आली, तर दांड्याला आधार देणाऱ्या गिंबल बेअरिंगवर किंवा दांड्याच्या युनिव्हर्सल जॉइंटवर संशय घ्यावा. गिअर टाकताना अडखळला, तर केबल पाहावी. पण चिरलेला आणि अजून न फाटलेला बेलोज अर्ध्या तासाच्या फेरीत काहीच सांगत नाही. तो फाटतो तेव्हा पाणी आधी बेअरिंगपर्यंत जातं, मग दांड्याच्या वाटेने बोटीत उतरतं, आणि धक्क्याला बांधलेली बोट रातोरात बुडू शकते. वरून बॅटरी मारून घड्या पाहता येतात. त्यासाठी ड्राइव्ह वर उचलून एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवावा, म्हणजे घड्या उघडतात. तरीही आतली बाजू दिसत नाहीच. ती पाहायची तर ड्राइव्ह उतरवावा लागतो.

ड्राइव्ह उतरवणं म्हणजे फार मोठं काम, असं मालक म्हणतो. मर्क्रूझरच्या अल्फा किंवा ब्राव्हो प्रकारात ड्राइव्ह सहा नटांवर बसलेला असतो. तो जड असतो, नवं गॅस्केट लागतं, माहीतगार मेकॅनिक लागतो, हे खरं. पण ही दुर्मीळ शस्त्रक्रिया नव्हे, नेहमीच्या देखभालीतलंच काम आहे. उतरवल्यावर बेअरिंगमध्ये बोट घालून आतली कडी फिरवावी; ती गुळगुळीत फिरायला हवी. खरखर लागली किंवा बोटाला तांबूस भुकटी आली, तर आत पाणी येऊन गेलं आहे, आणि वरून कितीही ग्रीस भरलं तरी ते बेअरिंग सुधारणार नाही. मग इंजिनाची रेषा तपासायची: सरळ पोलादी दांडा बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरमध्ये सहज सरकला पाहिजे. अडकत असेल तर इंजिन किंचित हललेलं आहे, आणि पुढचे माउंट फिरवूनही रेषा जुळत नसेल, तर मागच्या भिंतीतलं किंवा तळाच्या आधारांतलं प्लायवूड कुजलं आहे का, ते पाहावं. तसं असेल तर ड्राइव्हवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त गोंधळ गिअर ऑइलबाबत आहे. दुधाळ तेल दिसलं की एक बाजू म्हणते ड्राइव्ह भंगारात गेला, दुसरी म्हणते तेल बदला, काम झालं. दोन्ही चूक. दुधाळ रंग म्हणजे तेलात पाणी घुसळलं गेलं आहे, एवढंच त्यावरून कळतं. काही तेलं मुळातच निळसर-हिरवी असतात, म्हणून निव्वळ रंगावर जाऊ नये. बोट बरेच दिवस उभी असेल तर खालचा स्क्रू थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसतं आणि आधी तेच थेंब बाहेर येतात. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणं स्वाभाविक आहे, पण नखाला टोचणारे धातूचे तुकडे म्हणजे गिअर मोडत आहेत. तेल अगदी स्वच्छ असेल तर ते कदाचित कालच बदललेलं असेल. म्हणून बोट चालवून झाल्यावर पुन्हा पाहावं आणि दाबाची चाचणी मागावी. तेल काढून आत १०-१२ पीएसआय हवा भरायची, साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधायचे, मग उलट हवा खेचून पाहायचं. पंख्याच्या दांड्याला एक सील तेल आत ठेवतं, दुसरं पाणी बाहेर ठेवतं, त्यामुळे एकाच दिशेची चाचणी अपुरी पडते. पंखा काढून त्याच्या मागे मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळलेली आहे का, तेही पाहावं. ती वितळून, आवळून सीलमध्ये शिरते आणि ते कापते. अशा वेळी सील वेळीच बदललं तर ड्राइव्ह वाचतो. थंडीच्या प्रदेशात मात्र हे काम पानगळीतच व्हायला हवं, कारण आत राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि गिअरचं कवच फोडतं.

अ‍ॅनोडचं उलटं आहे. अ‍ॅनोड नव्यासारखा दिसतो, म्हणजे गंज नाही, असं समजून लोक निर्धास्त होतात. अ‍ॅनोड हा धातूचा तुकडा झिजण्यासाठीच लावलेला असतो. तो झिजतो म्हणून ड्राइव्हचं अ‍ॅल्युमिनियम वाचतं. वर्षानुवर्षं अ‍ॅनोड शाबूत आणि शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी व खळगे, हे चित्र दिसलं तर अ‍ॅनोडवर रंग फासलेला आहे, त्याचा धातूशी संपर्क तुटला आहे किंवा तो त्या पाण्यासाठी चुकीच्या धातूचा आहे. समुद्रात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम, मचूळ खाडीत अ‍ॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम वापरतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. नव्या चकचकीत रंगालाही भुलू नये: तांबं असलेला शेवाळरोधक रंग थेट अ‍ॅल्युमिनियमवर दिला, तर तोच ड्राइव्ह खातो.

सगळं पाहून झाल्यावर दुरुस्तीचा सौदा करायचा, तर तुकड्यातुकड्यांनी करू नका. ड्राइव्ह एकदा उतरवला की दांड्याचा बेलोज, एक्झॉस्टचा बेलोज, गिअर केबलचा बेलोज आणि गिंबल बेअरिंग एकाच वेळी बदलून घ्या. मजुरी मुख्यतः उतरवण्या-चढवण्याची असते. चिरलेल्या रबराला सिलिकॉन किंवा सोल्यूशन लावून चालत नाही. आणि मालक ड्राइव्ह उतरवून पाहू देत नसेल, तर नव्या ड्राइव्हची किंमत बोटीच्या किमतीतून आधी वजा करा आणि मगच भाव सांगा.